सुट्टीत कुठली प्रेमकथा लावायची?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. "दोन तास मोकळे मिळालेत, काहीतरी गोड सांग." "आई शेजारी बसणार आहे, तिच्याबरोबर बघता येईल असं सांग." "डोळ्यांत पाणी आलेलं चालेल, पण शेवट नीट हवा." या मेसेजना उत्तरं देणं हे माझं वर्षातलं सगळ्यात आवडतं काम. प्रेमकथा मी शाळेत असल्यापासून बघत आले आहे आणि नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत घडणाऱ्या प्रेमकथांची तर वेगळी वहीच ठेवली आहे. त्या वहीतून एक गोष्ट पक्की कळली. सुट्टीत चांगला सिनेमासुद्धा फसतो आणि बहुतेक वेळा त्याची वेळ चुकलेली असते. म्हणून खाली नावं तर आहेतच, पण कुठलं नाव कधी काढायचं हेही सांगितलं आहे.

पायरी १: नाव शोधण्याआधी लक्ष मोजा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: सिनेमा चालू असताना माझे हात काय करत असतील? भेटवस्तू बांधायच्या असतील, विणकाम असेल, घरात माणसांची ये-जा असेल, तर तुमच्याकडे अर्धं लक्ष आहे. घर झोपलंय आणि तुम्ही पांघरुणात आहात, तर पूर्ण लक्ष आहे. आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी हाक मारणार हे माहीत असेल, तर सिनेमाचा नाद सोडा आणि छोट्या भागांची सिरीज घ्या.

अर्ध्या लक्षासाठी हॉलमार्क वाहिनीचे नाताळपट अगदी योग्य. अमेरिकेतल्या या वाहिनीने २००९ पासून 'काउंटडाउन टू ख्रिसमस' या नावाखाली दर हिवाळ्यात नव्या प्रेमकथांची रांग लावली आहे. शहरात करिअर करणारी नायिका गावी येते, तिथे बेकरी किंवा नाताळच्या झाडांची बाग असते, तिथला नायक तिला आधी अजिबात आवडत नाही, शेवटाकडे एक गैरसमज होतो आणि अगदी अखेरीस एक चुंबन. हे सिनेमे जाहिरातींसह दोन तासांच्या वेळेत बसवलेले असतात, त्यामुळे जाहिराती वगळल्या तर जेमतेम दीड तास भरतात. आणि ब्रेकनंतर परत आलेल्या प्रेक्षकाला धागा सापडावा अशीच त्यांची रचना असते. तुम्ही मध्ये उठून दहा मिनिटांनी परत आलात तरी काहीच निसटत नाही. अनेकांचं चित्रीकरण कॅनडात, तेही बऱ्याचदा उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून होतं. जाड कोट घालून उन्हात उभं राहून थंडी दाखवणाऱ्या त्या नटनट्यांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

नेटफ्लिक्सवरचे 'अ ख्रिसमस प्रिन्स' (२०१७) आणि 'द प्रिन्सेस स्विच' (२०१८) याच जातीचे, थोडे अधिक झगमगीत. दोन्हींचे पुढचे दोन-दोन भाग आहेत. पहिला आवडला तरच पुढे जा. 'प्रिन्सेस स्विच'मध्ये व्हनेसा हजेन्स एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुली साकारते आणि त्या जागा बदलतात. हातात काम असताना बघायला याहून सोपं काही नाही.

पायरी २: शेवट तपासा, संकोच करू नका

प्रेमकथा आवडणाऱ्या माणसाला शेवट आधी माहीत असण्याने काही बिघडत नाही. उलट त्या खात्रीवरच आपण निवांत बसतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे की कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. ज्या सिनेमात नुसतं प्रेम आहे पण हे वचन नाही, तो कितीही चांगला असला तरी वेगळ्या तयारीने बघायचा.

अडचण अशी की पोस्टर दोन्हींचं सारखंच असतं: लाल रंग, दिवे, मिठीतलं जोडपं. 'द फॅमिली स्टोन' (२००५), 'द बेस्ट मॅन हॉलिडे' (२०१३) आणि 'लास्ट ख्रिसमस' (२०१९) हे तिन्ही पोस्टरवरून हलकेफुलके वाटतात. तिन्हींत दुःखाचा मोठा वाटा आहे. घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल, कुणी आजारी असेल, तर या वर्षी ते बाजूलाच ठेवा. नेमकं काय होतं ते मी इथे सांगत नाही, पण तुम्हाला हवं असेल तर कथासार शेवटपर्यंत वाचून घ्या. त्यात चोरी कसली? एकदा एका मैत्रिणीला मी न तपासताच यातला एक सुचवला होता. ती नुकतीच एका मोठ्या दुःखातून बाहेर पडत होती आणि अर्ध्यावरच तिने टीव्ही बंद केला. तेव्हापासून वहीत प्रत्येक नावापुढे शेवट कसा आहे याची खूण असते.

पायरी ३: सुट्टीचा पहिला सिनेमा

पहिल्या संध्याकाळी माणूस दमलेला असतो. डोक्यात ऑफिस असतं. अशा वेळी मी नेहमी 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' (१९९५) लावते. शिकागोच्या रेल्वे स्टेशनवर टोकन विकणारी ल्यूसी (सँड्रा बुलक) रोज दिसणाऱ्या एका देखण्या प्रवाशावर लांबूनच जीव लावून असते. नाताळच्या दिवशी तो रुळांवर पडतो, ती त्याला वाचवते, तो कोमात जातो आणि गैरसमजातून त्याचं कुटुंब तिला त्याची होणारी बायको समजतं. मग त्याचा भाऊ येतो (बिल पुलमन) आणि खरी गोष्ट सुरू होते.

कथा ऐकायला अशक्य वाटते. पण सिनेमा चालतो तो ल्यूसीच्या एकटेपणामुळे. तिला आईवडील नाहीत, सणाच्या दिवशीही ड्युटी तिच्याच वाट्याला येते, कारण घरी वाट बघणारं कुणी नाही. ती खोटं का बोलते हे आपल्याला पटतं: तिला त्या घरातलं जेवणाचं टेबल सोडवत नाही. सगळे एकाच वेळी बोलताहेत, कुणाचं वाक्य कुणाला लागतंय, आणि ती त्यांच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघतेय, तो प्रसंग आवर्जून लक्ष देऊन बघा. तिचं प्रेम आधी कुटुंबावर बसतं आणि नंतर माणसावर. पावणेदोन तासांत सगळं आटोपतं आणि झोप छान लागते.

पायरी ४: जुन्या सिनेमाला एक पूर्ण संध्याकाळ द्या

हा माझा हट्ट समजा. एक तरी संध्याकाळ फोन लांब ठेवून 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) बघा. दिग्दर्शक अर्न्स्ट ल्युबिश. मूळ कथा मिक्लोश लास्लो यांच्या हंगेरियन नाटकाची, म्हणून सिनेमा हॉलिवुडचा असला तरी घडतो बुडापेस्टमध्ये, चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात. क्रॅलिक (जेम्स स्टुअर्ट) आणि क्लारा (मार्गारेट सुलिव्हन) एकाच दुकानात काम करतात, एकमेकांना पाण्यात बघतात आणि दोघंही एका अनामिक व्यक्तीला पत्रं लिहिताहेत. ती व्यक्ती कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

बघताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली म्हणजे नोकरीची भीती. ल्युबिशचे वडील बर्लिनमध्ये शिंपी होते. दुकानातलं जग त्याला आतून माहीत होतं आणि ते पडद्यावर दिसतं. मालकाचा मूड बिघडला की सगळ्यांचा श्वास अडकतो. एक नोकर तर मालकाने "खरं मत" विचारलं की गुपचूप नाहीसाच होतो. प्रेम फुलतंय ते महिनाअखेरची काळजी असलेल्या माणसांमध्ये, म्हणून ते इतकं खरं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे पोस्टातल्या खणाचा एक छोटा शॉट. क्लाराचा हातमोजा घातलेला हात त्या खणात शिरतो, चाचपतो, पत्र नसतं. मग त्या चौकोनात तिचा चेहरा दिसतो. काही सेकंदांचं काम, पण वाट बघणं म्हणजे काय हे मी इतक्या कमी वेळात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मालकाच्या घरच्या दुःखाचा एक गडद प्रसंग मध्ये आहे, तो सावरतो.

घरात कुणी "कृष्णधवल नको" म्हणालं तर वाद घालू नका. पहिली पंधरा मिनिटं मागा. संवाद भरभर असतात, म्हणून सबटायटल्स सुरू ठेवा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच: मधल्या फ्रेम स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करणं. क्रिकेटला ते ठीक, पण त्याने सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो आणि जुन्या सिनेमाचा तर जीवच जातो.

दुसऱ्या दिवशी याच कथेवर बेतलेला 'यू हॅव गॉट मेल' (१९९८) लावा. नोरा एफ्रनने पत्रांच्या जागी ईमेल आणले आणि नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाला नाव दिलं 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. मेग रायन आणि टॉम हँक्स दोघंही लोभस आहेत. तरी माझं मत जुन्याच्या बाजूने. तिथे दोघं सारखेच पगारी नोकर आहेत. इथे नायकाच्या मोठ्या दुकानामुळे नायिकेचं आईपासून चालत आलेलं दुकान बंद पडतं आणि तिने ते विसरावं अशी अपेक्षा असते. प्रत्येक वेळी मला तिथे थोडं अडखळायला होतं. दोन्ही पाठोपाठ बघून तुमचं काय होतं ते पाहा.

पायरी ५: खोलीत इतर माणसं असतील तर

वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र बसणार असतील तर 'द हॉलिडे' (२००६) सहसा चालून जातो. लॉस एंजेलिसची अमांडा आणि इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली आयरिस नाताळात घरांची अदलाबदल करतात. सव्वादोन तासांचा आहे, त्यामुळे उशिरा सुरू करू नका. बहुतेकांना कॅमेरून डियाझ आणि ज्यूड लॉ यांची जोडी लक्षात राहते. मी मात्र हा सिनेमा केट विन्स्लेट आणि एली वॉलक यांच्यासाठी बघते. नव्वदीच्या आसपासचा तो म्हातारा पटकथालेखक आयरिसला सांगतो की तू नायिका आहेस आणि वागतेस मात्र नायिकेच्या मैत्रिणीसारखी. त्यानंतर तिच्यात होणारा बदल हीच या सिनेमातली माझी लाडकी प्रेमकथा आहे, स्वतःवरच्या प्रेमाची.

'लव्ह ॲक्च्युअली' (२००३) सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तोच पटकन सुचवला जातो. लहान मुलं किंवा मोठी माणसं असतील तर थांबा: चित्रपटांत डबल म्हणून काम करणाऱ्या जोडप्याच्या कथेत भरपूर नग्नता आहे. शिवाय त्यातल्या सगळ्याच कथा सुखात संपत नाहीत. एमा थॉम्पसन शयनगृहात एकटी उभी राहून डोळे पुसते आणि मुलांसमोर हसत बाहेर येते, तो प्रसंग संसारात दुखावलेल्या माणसाला फार लागतो. सिनेमा वाईट नाही, फक्त शेजारी कोण बसलंय ते बघा.

आजी-आजोबा आणि नातवंडं दोघांनाही धरून ठेवायचं असेल तर 'मीट मी इन सेंट लुई' (१९४४). रंगीत आहे, गाणी आहेत. 'हॅव युवरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस' हे गाणं याच सिनेमाचं. त्याचे पहिले शब्द इतके उदास होते की ज्युडी गार्लंडने ते बदलायला लावले. रडणाऱ्या लहान बहिणीसमोर ते म्हणायला तिचं मन धजेना. बदललेलं गाणंही हळवंच आहे.

पायरी ६: वेळ तुकड्यांत असेल तर सिरीज

'डॅश अँड लिली' (२०२०) आठ भागांची, प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आतला. न्यूयॉर्कच्या स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानात एक मुलगी लाल वही ठेवते, एक मुलगा ती उघडतो आणि दोघं न भेटता वहीतून एकमेकांना आव्हानं देत राहतात. दिवसाला दोन भाग घ्या. सलग संपवली तर वाट बघण्यातली मजा जाते, आणि ही गोष्ट वाट बघण्याचीच आहे.

नॉर्वेची 'होम फॉर ख्रिसमस' (२०१९) थोडी मोठ्यांची. योहाने ही तिशीतली नर्स घरच्यांच्या टोचण्यांना कंटाळून "माझा बॉयफ्रेंड आहे" असं बोलून बसते आणि नाताळपर्यंत तिला तो शोधायचा असतो. सहा भाग आहेत. पहिला सीझन अशा क्षणी थांबतो की दुसरा हाताशी असलेला बरा. मूळ नॉर्वेजियन आवाजातच बघा; डबिंगमध्ये तिच्या बोलण्यातली धांदल हरवते.

आधीपासून एखादी मालिका बघत असाल तर तिचे नाताळचे खास भाग म्हणजे खजिना. ब्रिटिश 'द ऑफिस'चे २००३ चे दोन खास भाग माझ्या मते टीव्हीवरच्या सगळ्यात सुंदर प्रेम-शेवटांपैकी एक, पण त्याआधीचे बारा भाग पाहिल्याशिवाय ते लावू नका. टिम आणि डॉनसाठी तुम्ही थांबलेला असाल तरच ती भेटवस्तू उघडताना तुमच्याही घशात आवंढा येईल. 'डाउन्टन ॲबी'चा २०११ चा नाताळचा भाग, पडत्या बर्फातली ती मागणी, वर्षातून एकदा बघावी अशीच. २०१२ चा नाताळचा भाग मात्र सुट्टीत मुळीच लावू नका. कारण विचारू नका.

पायरी ७: एकटीने, रात्री

काही सिनेमे गोड आहेत, पण त्यांची वाट अंधारातून जाते. ते सगळे झोपल्यावर बघायचे.

'द अपार्टमेंट' (१९६०), बिली वाइल्डर. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर. बॅक्स्टर (जॅक लेमन) बढतीच्या आशेने आपला फ्लॅट वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी देतो; लिफ्ट चालवणारी फ्रॅन (शर्ली मॅक्लेन) त्याला आवडते. ऑफिसच्या नाताळ पार्टीत तिचा तडा गेलेला छोटा आरसा त्याच्या हातात येतो आणि तो क्षणात सगळं ओळखतो. एक शब्द न बोलता माणसाचं मन मोडताना दिसतं. यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे येतं ते शुश्रूषा करता करता फुललेलं प्रेम आहे, पत्त्यांच्या डावासकट.

'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) हाही याच कप्प्यात. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, वाहिन्यांनी तो वारंवार दाखवला आणि त्यातून तो घराघरांत पोचला. लोक त्याला देवदूताचा सिनेमा म्हणतात. मी तो जॉर्ज आणि मेरी एकाच फोनला कान लावून उभे असतात त्या प्रसंगासाठी बघते. पलीकडचा माणूस धंद्याचं बोलतोय आणि इकडे दोघांचे श्वास एकमेकांना लागताहेत.

'कॅरल' (२०१५) मध्ये १९५२ च्या नाताळात खेळण्यांच्या काउंटरवर हातमोजे विसरले जातात आणि दोन बायकांची गोष्ट सुरू होते. सावकाश सिनेमा आहे, नजरांचा. घाई असेल तर लावू नका. तोच विषय हसतखेळत हवा असेल तर 'हॅपिएस्ट सीझन' (२०२०). 'रिमेंबर द नाइट' (१९४०) मध्ये सरकारी वकील एका चोरट्या मुलीला नाताळासाठी आपल्या घरी नेतो. यात शेवटी आशा आहे, पण दोघांना थांबावं लागतं, म्हणून वहीत याच्यापुढे माझी खूण अर्धी आहे.

पायरी ८: शेवटचे तीन दिवस

३० डिसेंबरला जोडीने दोन: दुपारी 'ॲन अफेअर टू रिमेंबर' (१९५७), रात्री 'स्लीपलेस इन सिॲटल' (१९९३). पहिला लिओ मॅकॅरीने आपल्याच १९३९ च्या 'लव्ह अफेअर'वरून पुन्हा केला. दुसऱ्यात पात्रं पहिला बघून रडतात आणि एम्पायर स्टेट इमारतीवर भेटायचं ठरवतात. याच क्रमाने बघा, उलट केलंत तर पहिल्यातला धक्का वाया जातो.

३१ ला 'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९). पुरे दोन तासही नाही. रात्री साडेदहाच्या सुमाराला सुरू केलात तर पडद्यावरची नववर्षाची पार्टी आणि तुमच्या घड्याळातले बारा जवळजवळ एकत्र येतात. त्याआधी ऑटोप्ले बंद करा; नाहीतर शेवटच्या नावांवर पुढच्या सिनेमाचा ट्रेलर आदळतो. आणि हे सगळे जुने सिनेमे कुठल्या ॲपवर आहेत ते आठवडाभर आधीच बघून ठेवा, कारण हक्क बदलतात आणि गेल्या वर्षी जिथे होते तिथे ते यंदा असतीलच असं नाही.

१ जानेवारीला नाताळ सोडून द्या. बीबीसीची १९९५ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' काढा, सहा भाग, प्रत्येकी तासाभराच्या आतले. पहिल्या दिवशी तीन बघा. तिसऱ्या भागाच्या अखेरीस डार्सी मागणी घालतो आणि एलिझाबेथ त्याला नकार देते. तिथे टीव्ही बंद करा, कितीही मोह झाला तरी. दोघांनाही आणि तुम्हालाही तो नकार घेऊन एक रात्र काढू दे. चौथा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्या पत्रापासून.